आजीबाईंच्या क्विल्ट्स, रॅफलची तिकिटं आणि तुझी गोधडी

पत्र:

नमस्कार ताई, मी कॅलिफोर्नियात सॅन वाकीन व्हॅलीतल्या एका छोट्या गावात राहते. गावात एका जुन्या घरात छोटंसं हिस्ट्री म्युझियम आहे, तिथे मी शनिवारी व्हॉलंटियर करते. छप्पर गळतंय, त्यासाठी पैसे हवेत. एका कुटुंबाने त्यांची आजी गेल्यावर तिच्या हातच्या पाच जुन्या क्विल्ट्स, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली पांघरुणं, "म्युझियमसाठी" म्हणून आणून दिल्या, कमिटीने ठरवलं रॅफल करू, म्हणजे तिकिटं विकून सोडत काढू, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. फॉल फेस्टिव्हल दीड महिन्यावर आलाय. प्रेसिडेंट म्हणतात स्टोअररूममधली ती जुनी रेशमी क्विल्टपण टाकू, नाहीतरी तिला बघतंय कोण. एक जण म्हणतो तिकिटं ऑनलाइन विकू, लिंक टाकली की झालं. त्यात माझ्या फोनवर कुणीतरी माझ्या आजीच्या गोधडीचा फोटो बघितला, आता सगळे मागे लागलेत की तीपण ठेव, इंडियन क्विल्ट म्हणून भारी खपेल. मला नाही म्हणायला जमत नाही, कमिटीत मी एकटीच देशी. आणि दोन क्विल्ट्सना कुबट वास येतोय, मशीनला लावू का?

उत्तर:

अगं पहिलं म्हणजे त्या मशीनपासून लांब राहा, बाकीचं सगळं नंतर बोलू. जुन्या क्विल्टच्या आत बहुतेक वेळा कापूस असतो, तो पाणी प्यायला की इतका जड होतो की उचलताना टाके तटातट तुटतात, आणि त्या काळचे लाल नि गडद निळे रंग कधी सुटतील नेम नाही, शेजारच्या पांढऱ्या तुकड्यात एकदा उतरले की संपलं. ड्रायक्लीनिंगपण नको. आणि उन्हात टाकायची आपली जन्माची सवय आहे ना, तीपण इथे आवर, ऊन रंग खातं. घरात सावलीत, वारं खेळेल अशा ठिकाणी, धुतलेल्या सुती चादरीवर पसरून ठेव, मधेमधे उलट, वास बराच जातो. धूळ काढायची तर व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांध, जोर सगळ्यात कमी ठेव आणि वरून वरून फिरव. डाग राहू देत. डाग असलेली जुनी क्विल्ट लोक आनंदाने घरी नेतात, धुवून विटलेली आणि फाटलेली कोणी नेत नाही. फक्त तो वास म्हणजे खरीच बुरशी असेल, काळेहिरवे ठिपके दिसत असतील, तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेव आणि रॅफलमधून काढून टाक, कुणाला बक्षिसात बुरशी द्यायची नसते.

आता मुद्द्यावर येते. तुझं पत्र वाचताना मला दिसलं ते असं की तीन वेगवेगळ्या मालकांच्या वस्तू एकाच टेबलावर येऊन पडल्यात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झालाय. पाच त्या कुटुंबाने दिलेल्या, एक म्युझियमची, एक तुझी. कमिटीला सगळ्या सारख्याच दिसतायत कारण सगळ्या शिवलेल्या आणि जुन्या आहेत. पण रॅफल होऊ शकतं ते फक्त त्या पाचांचं, आणि तेही त्या कुटुंबाला एक प्रश्न विचारल्यावर.

तो प्रश्न असा की "म्युझियमसाठी" म्हणजे नक्की कशासाठी? हे मी उगाच कीस पाडत नाहीये. देणाऱ्याच्या डोक्यात असू शकतं की आजीच्या क्विल्ट्स आता काचेच्या कपाटात लागणार, खाली तिचं नाव असणार, आणि नातवंडं शाळेच्या ट्रिपला येऊन बघणार. मग फेस्टिव्हलला येऊन बघतात तर शेजारच्या फुगेवाल्याच्या बाजूला पाच डॉलरला तिकीट चाललंय. अशा गोष्टीवरून छोट्या गावात लोक वीस वर्षं बोलत नाहीत. तेव्हा फोन कर, सरळ सांग की छप्पर गळतंय, रॅफल करायचा विचार आहे, तुम्हाला चालेल का, आणि त्यांचं हो आलं की दोन ओळींची ईमेल मागून घे. म्युझियमकडे डीड ऑफ गिफ्टचा, म्हणजे वस्तू भेट दिल्याचा लेखी फॉर्म असेल तर त्यावर "निधी उभारण्यासाठी" असं स्पष्ट लिहून सही घे. आणि माझं मत विचारशील तर पाचातली एक म्युझियमने ठेवावी आणि चारांचं रॅफल करावं. कुटुंबाचाही जीव निवतो आणि तुमच्याकडेही काहीतरी उरतं.

कुठली ठेवायची? सगळ्यात सुंदर असेल ती नाही, जिची गोष्ट माहीत आहे ती. तुमच्या व्हॅलीत १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेक्सासकडून दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी शेती गेलेली कुटुंबंच्या कुटुंबं आली, गाडीच्या टपावर गाद्या-भांडी बांधून, आणि पुढे कापसाच्या नि द्राक्षांच्या मळ्यात राबली. ही आजी त्यातली होती का ते विचार. मग क्विल्टची मागची बाजू आणि कडा नीट बघ. त्या काळात कोंबडीचं खाद्य, पीठ, साखर हे सगळं सुती पोत्यांतून यायचं, आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की बायका त्या पोत्यांचे फ्रॉक आणि क्विल्ट्स शिवतात, मग त्यांनी पोतीच फुलाफुलांच्या छापाची काढायला सुरुवात केली. तुकड्याच्या कडेला एका रेषेत जाड सुईची भोकं दिसली तर ती पोत्याची शिवण उसवल्याची खूण असू शकते. असा एखादा तुकडा सापडला, वर ती आजी कुठून आली ते कळलं, की ती क्विल्ट तुमच्या म्युझियममध्येच राहिली पाहिजे, तुमच्या गावाचा इतिहास आहे तो. बाकीच्या चार, समज एकमेकांत अडकलेल्या कड्यांची डबल वेडिंग रिंग किंवा षटकोनी फुलांची ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन असतील, तर देखण्या असतात पण हजारो घरांत शिवल्या गेल्यात, त्या गावातल्या घरांत गेल्या तर काही बिघडत नाही. फक्त जायच्या आधी प्रत्येकीचा पूर्ण फोटो, मागचा फोटो, टाक्यांचा जवळून फोटो, लांबीरुंदी, आणि घरच्यांकडून ऐकलेलं जे काही असेल ते फाइलमध्ये गेलं पाहिजे. हे काम मात्र कुणावर ढकलू नकोस, स्वतः कर, आणि रेकॉर्डिंगला परवानगी देतील तर त्यांच्या घरी जाऊन तासभर बोलतं कर त्यांना. एकदा का क्विल्ट्स चार दिशांना गेल्या की ते विचारायला परत कोणी जात नाही.

आता स्टोअररूमवाली. ती बाहेर काढायच्या आधी तिच्या कोपऱ्यात मागच्या बाजूला बघ, पांढऱ्या सुती फितीवर नंबर लिहून शिवलेला असेल, वर्ष आणि मग एकदोन आकडे अशा पद्धतीचा. तसा नंबर असेल तर ती म्युझियमच्या कलेक्शनमध्ये रीतसर नोंदलेली आहे, आणि मग विषय तिथेच थांबतो. अमेरिकेतल्या म्युझियमांच्या मोठ्या संघटनेची जी आचारसंहिता आहे तिच्यात साफ म्हटलंय की कलेक्शनमधली वस्तू विकून आलेला पैसा नवीन वस्तू घ्यायला किंवा असलेल्या वस्तूंच्या थेट देखभालीला वापरायचा, बाकी कशाला नाही. स्थानिक इतिहासाच्या म्युझियमांच्या संघटनेचाही सूर तोच आहे. छप्पर त्यात बसवणं फार अवघड आहे, आणि प्रयत्न करणाऱ्यांची काय फजिती होते ते २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर म्युझियमने दाखवलं, चित्रं विकून पैसे उभे करायला निघाले तर प्रकरण कोर्टात गेलं आणि देशभर छीथू झाली. शेवटी विकायला परवानगी मिळाली ती गोष्ट वेगळी, पण गेलेली अब्रू कोर्ट परत देत नाही. तुमची क्विल्ट तेवढी महाग नसेल, पण गाव तेवढंच बोलणार. उद्या कोण आपल्या आजोबांचा नांगर तुम्हाला देईल सांग बरं, पुढच्या फेस्टिव्हलला त्याचं तिकीट निघणार असेल तर?

शिवाय रेशमी आणि जुनी म्हणजे बहुतेक क्रेझी क्विल्ट असणार, वेड्यावाकड्या तुकड्यांची, वर भरतकाम, १८८० च्या सुमाराला त्याची फार फॅशन होती. त्या काळचं रेशीम वजनावर विकायचे, त्यामुळे कच्चं रेशीम धुताना कमी झालेलं वजन भरून काढायला त्यात धातूचे क्षार घालायचे, आणि आता तेच क्षार रेशीम आतून खातात, नुसती घडी उलगडली तरी कापड चिरफाळतं. बक्षीस म्हणून कुणी घरी नेऊन पलंगावर टाकली तर पहिल्याच हिवाळ्यात तिच्या चिंध्या होतील. तेव्हा तिला कमीत कमी हात लावा, आम्लमुक्त टिश्यू पेपरचे सुरळे घड्यांत घालून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, आणि कच्च्या लाकडाला टेकू देऊ नका.

प्रेसिडेंटना हे कसं सांगायचं हा तुझा खरा प्रॉब्लेम, मला कळतंय. एक कर, नाही हा शब्दच वापरू नकोस. मीटिंगमध्ये म्हण, "छान आयडिया, फक्त आपली कलेक्शन पॉलिसी याबद्दल काय म्हणते ते आधी वाचू या का?" पॉलिसी असेल तर ती तुझ्या वतीने नाही म्हणेल. नसेल तर आधी पॉलिसी लिहावी लागेल, आणि कमिटीने पॉलिसी लिहायला घेतली की सहा महिने निघतात हे तुला मी काय सांगू. एकटी देशी आहेस म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही. उलट कागद वाचून आलेलं माणूस खोलीत एकच असेल तर लोक त्याचंच ऐकतात, अनुभव घेऊन बघ.

आता कायदा, कारण इथे तुमची गाडी खरंच अडू शकते. आपल्याला रॅफल म्हणजे सोसायटीच्या गणपतीतल्या लकी ड्रॉसारखं वाटतं, चिठ्ठ्या डब्यात टाका आणि एखाद्या लहान मुलाला काढायला लावा. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, युटा नि हवाईत तर चॅरिटीच्या रॅफललाही जागा नाही. तुमच्या कॅलिफोर्नियात चालतं, पण पीनल कोडचं ३२०.५ कलम वाचून. संस्था नॉनप्रॉफिट हवी आणि राज्यात किमान वर्षभर जुनी हवी. तिकिटांचे जेवढे पैसे येतील त्यातले किमान ९० टक्के चॅरिटीच्या कामाला गेले पाहिजेत, म्हणजे छपाई, मंडप, कॉफी हे सगळं उरलेल्या १० टक्क्यांत. तुमच्या क्विल्ट्स फुकट मिळाल्यात म्हणून हे जमेल. सोडत हाताने काढायची आणि तिथे देखरेखीला सज्ञान माणूस हवं. ऑनलाइन तिकिटं तर साफ नाही, कायद्यात सरळ लिहिलंय की इंटरनेटवरून तिकीट विकायचं नाही, जाहिरात मात्र करू शकता. तेव्हा त्या लिंकवाल्याला सांग, बाबा रे, तू फोटो टाक, तारीख टाक, क्विल्ट्सच्या गोष्टी टाक, तिकीट मात्र म्युझियमच्या दारात. त्यालाही काम मिळेल, रुसणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲटर्नी जनरलच्या ऑफिसकडे चॅरिटीची जी रजिस्ट्री आहे तिथे रॅफलचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, ते रॅफलच्या किमान ६० दिवस आधी पाठवायचं असतं. तुझ्याकडे दीड महिना आहे. ट्रेझररला आजच विचार, यंदाचं रजिस्ट्रेशन कुठल्या दुसऱ्या रॅफलसाठी आधीच झालेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर फेस्टिव्हलला तिकीट विकू नका. तिथे चारही क्विल्ट्स नुसत्या मांडा, गोष्टी लावा, लोकांची नावं आणि ईमेल घ्या, आणि सोडत डिसेंबरात ख्रिसमसच्या आसपास काढा. खरं सांगू, मला तर हेच जास्त आवडलं, कारण थंडीत क्विल्ट बघून माणसाचा हात खिशाकडे जास्त लवकर जातो.

तुमच्याकडच्या काही क्विल्ट गिल्डमधल्या, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळातल्या बायका रॅफलच्या क्विल्टला ऑपॉर्च्युनिटी क्विल्ट म्हणतात आणि तिकिटावर "सुचवलेली देणगी" असं छापतात. आता तशी पळवाट आहे, पण ती खरी पाळावी लागते, म्हणजे पैसे न देता तिकीट मागणाऱ्यालाही त्याच अटींवर तिकीट द्यावं लागतं आणि तसं सगळ्यांना कळवावं लागतं. नुसतं नाव बदलून भागत नाही. तुमच्या कमिटीला ते जमेल असं मला पत्रावरून वाटत नाही, तेव्हा सरळ रजिस्ट्रेशन करा. आणि हो, तिकीट घेणाऱ्याला ती रक्कम टॅक्समध्ये देणगी म्हणून दाखवता येत नाही, पावतीवर चुकूनसुद्धा "डिडक्टिबल" लिहू नका.

लिलाव का नको असं तुला कोणी विचारेल. एखादी क्विल्ट खरंच दुर्मिळ असती तर मीच लिलाव म्हटलं असतं. पण १९३० च्या आसपासच्या साध्या सुती क्विल्ट्सना बाजारात फार भाव नाही, हातांनी महिनोनमहिने शिवलेली वस्तू दोनतीनशे डॉलरला जाते हे बघून पोटात तुटतं, पण आहे हे असं आहे. दोनशे डॉलरच्या त्याच क्विल्टची पाच डॉलरची तीनशे तिकिटं खपली तर दीड हजार होतात, आणि ज्यांना लिलावात बोली लावायची लाज वाटते अशी शाळेतली शिपाईण आणि शेतावरचा मेक्सिकन कामगारही हसत हसत एक तिकीट घेतो. प्रत्येक क्विल्टसमोर वेगळा डबा ठेवा, ज्याला जी हवी तिच्या डब्यात त्याने तिकिटाचं फाडलेलं अर्धुक टाकायचं. ज्याला निळी हवी त्याला गुलाबी लागली की तो ती कपाटात कोंबतो, त्यापेक्षा हे बरं.

मांडताना चिमटे, टाचण्या, खिळे काही नको. मागच्या बाजूला वरच्या कडेला चारेक इंच रुंद कापडाची नळी हाताने शिवून घ्या, तिच्यातून दांडा घालून टांगा, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. जी विरलीय ती टांगूच नका, आडवी मांडा. लोकांचे हात, हातातले नाचोज आणि खिडकीतलं ऊन यांच्यापासून लांब. टाके कसले, कापड कुठल्या काळातलं हे बघायला गावातल्या गिल्डमधली एखादी म्हातारी बोलाव, त्या बायकांना पाच मिनिटांत जे दिसतं ते आपल्याला जन्मात दिसत नाही. तिथून पत्ता लागला नाही तर सॅन होजेला क्विल्ट्स आणि टेक्सटाइल्सचं म्युझियम १९७७ पासून आहे, तिथे विचार. जिंकणाऱ्याच्या हातात क्विल्टबरोबर एक कार्ड दे, शिवणारीचं नाव, साधारण काळ, मशीनमध्ये घालू नका, वर्षातून एकदोनदा घडी बदला, एवढंच. छान कागदावर छापलं तर लोक फ्रेम करतात.

आता तुझ्या आजीची गोधडी. नको देऊस. बस. याला कारण द्यायचीही गरज नाही, पण तुला सवय नाही म्हणून देते. ती इंडियन क्विल्ट म्हणून खपेल म्हणजे कुणालातरी ती वस्तू आवडेल, पण त्यात कुठलं लुगडं कुणाचं होतं, कुठला तुकडा आजोबांच्या धोतराचा आणि कुठला तुझ्या परकराचा हे सांगणारी तू एकटी आहेस. ती जाईल त्या घरात हे माहीत नसणार. आणि तुला ती परत मागता येणार नाही. छपराचे पैसे दुसरीकडून येतील गं.

पण त्यांना अगदीच तोडून टाकायचं नसेल तर तिला प्रदर्शनात मांड, विकायला नाही. म्युझियमकडून लोन ॲग्रीमेंट लिहून घे, किती दिवस, कुठे, कोण हात लावणार, आणि फोटो काढून ठेव. आणि क्विल्टच्या बाजूलाच ठेव, लोकांना बघू दे की त्यांच्याकडे नवे-जुने तुकडे मापात कापून, जोडून वरचा थर करतात आणि मधे कापूस घालतात, आपल्याकडे मधे कापूस नसतो, जुन्या साड्यांचेच थर एकावर एक आणि त्यांना धरून ठेवणारा बारीक धावदोरा. ओक्लाहोमाची आजी आणि तुझी आजी, दोघींनीही घरातलं कापड वाया घालवलं नाही. हे बघायला लोक थांबतात, आणि थांबलेला माणूस तिकीट घेतो.

पुढच्या वर्षी तुला वाटलंच तर एक नवी गोधडी शिवा सगळ्यांनी मिळून आणि ती रॅफलला ठेवा. त्यातही पैसे करायची एक जुनी अमेरिकन पद्धत आहे, सह्यांची क्विल्ट. लोकांनी थोडे पैसे द्यायचे आणि त्यांचं नाव क्विल्टवर भरतकामात यायचं, चर्चमधल्या मंडळींनी असे भरपूर पैसे जमवलेत, आणि १९१७ मध्ये एका मासिकाने रेड क्रॉससाठी अशा क्विल्टवर हजार डॉलर कसे उभे करायचे त्याचा आराखडाच छापला होता. म्हणजे नावांचे पैसे आधी, तिकिटांचे नंतर, एकाच गोधडीवर दोनदा कमाई. तुमच्या ट्रेझररला हे फार आवडेल.

तर आज ट्रेझररला फोन, उद्या त्या कुटुंबाला, आणि तिकिटांची वही घेताना डबल नंबरची बघून घे, तिकिटावर आणि अर्धुकावर तोच नंबर असलेली, कायद्यालाही तीच लागते. प्रेसिडेंटशी काय झालं ते कळव.